हे नाव उपलब्ध नाही

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज कॉलेजच्या दारातला फळा काढला. बावीस वर्षं त्या फळ्यावर रोज सकाळी मी सुविचार लिहीत आलो. हेडक्लार्कचं ते काम नव्हे, पण अक्षर माझं चांगलं, म्हणून पूर्वीच्या प्राचार्यांनी सोपवलं होतं. आता त्या जागी भला मोठा टीव्ही बसवला आहे. त्यावर फी भरायची शेवटची तारीख आणि नव्या प्राचार्यांचा हसरा फोटो आळीपाळीनं येतात. मी विचारलं, सुविचार कुठं लिहू? प्राचार्य म्हणाले, "ऑनलाइन टाका की मारुतीराव. सगळं जग बघेल." बोलायला काय जातंय!

शनिवारचा सुविचार फळ्यावर तसाच होता. 'ज्याला जवळचं दिसतं, त्याला दूरचं शोधावं लागत नाही.' माझाच. फळ्यासकट अडगळीच्या खोलीत गेला. 

घरी येऊन ठरवलं, टाकायचंच ऑनलाइन. आमची सौम्या (बी.कॉम.चं दुसरं वर्ष) दिवसभर जे फोटोंचं ॲप बघत असते, तेच घेतलं. फोन नंबर दिला, जन्मतारीख दिली. शेवटी यूजरनेम मागितलं. 'marutirao' लिहिलं. खाली तांबड्या अक्षरांत आलं: 'हे नाव उपलब्ध नाही.'

छप्पन वर्षं मी हे नाव वापरतोय!

५ ऑगस्ट

नावाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. एकतीस वर्षं मुलांच्या दाखल्यांवर नावं लिहितोय. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर पोरांच्या नोकऱ्या अडतात. नाव बदलायला कुणी आलं की माझे तीन प्रश्न ठरलेले: गॅझेट आहे का, ॲफिडेव्हिट आहे का, शाळेचा दाखला आहे का. नसेल तर या पुढच्या आठवड्यात. इकडं बेळगावात सरकारी कागदांवर 'मारुती'चं Maruthi करायची पद्धत आहे. माझ्या आधार कार्डावरचा तो h काढून घ्यायला मी दोन वर्षं हेलपाटे घातले आणि काढला.

आज ॲपनं आपणहून एक नाव सुचवलं: maruthirao_48213. म्हणजे h परत आला, आणि वर नंबर. बसला नंबर असतो, माणसाला नाही.

दुपारी लायब्ररीतल्या पारिसाला माझं नवं नाव दाखवलं. हा सदलग्याचा जैन गृहस्थ, मराठी आणि कन्नड दोन्ही सारखंच बोलतो. नाव होतं 'suvichar_maru'. मारुतीचं लाडाचं मारू, आई म्हणायची.

पारिसा चष्मा वर करून म्हणाला, "मारुतीराव, कन्नडात मारू म्हंजे विकायचं. सुविचार इकायला काढलासा व्हय?"

"मराठीत वाच की."

"मराठीत वाचलं तर सुविचार मारू. फेकून मारणार का काय लोकास्नी?"

आणि लायब्ररीत बसून एवढ्यानं हसला की पोरांनी त्यालाच 'शूऽऽ' केलं.

१७ ऑगस्ट, रविवार

बारा दिवस झाले. वहीत छत्तीस नावं लिहून झाली. एकोणतीस उपलब्ध नाहीत, सात मला पसंत नाहीत.

जेवताना सौम्या म्हणाली, "आप्पा, कायतरी टाका आणि सुरू करा. नाव नंतर बदलता येतंय."

मी तिला सांगितलं, नाव ही नंतर बदलायची वस्तू नव्हे. नाव ठेवणं ही जबाबदारी आहे. तुझ्या आईचंच उदाहरण घे. आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून मी अंगठीनं 'मंगल' लिहिलं, तेव्हा भटजी म्हणाले होते, असं वळणदार अक्षर मी तांदळात पाहिलं नाही. चोवीस वर्षं झाली, ते नाव कसं शोभून दिसतं! आधीचं हिचं माहेरचं नाव जरा जुनाट होतं आणि माझ्या आईच्या दृष्टीनं ते घरात चालण्यासारखं नव्हतं. काय अडचण होती ते आता आठवत नाही, पण अडचण खरी होती.

सौम्यानं आईकडं पाहिलं. ही ताटात भात कालवत होती. मग एकदम म्हणाली, "मलाबी खातं काढून दिलंय पोरीनं."

मी विचारलं, "बचत का चालू?"

ही म्हणाली, "चालू हाय. लई चालू हाय."

सौम्याला ठसका लागला. मी हिला समजावलं, चालू खातं व्यापाऱ्यांना लागतं, घरातल्या बाईला बचत खातं पुरतं, व्याज तरी मिळतं. "बरं," म्हणाली. माझं ऐकून घेते हा हिचा मोठा गुण आहे.

२२ ऑगस्ट

आज कुरिअरवाला दारात. या महिन्यात सहाव्यांदा. सौम्याला चांगलं सुनावलं की कपडे किती मागवशील. पोरगी म्हणाली, "मागवत न्हाय आप्पा, पाठवायलोय." मागवलेले परत पाठवणं म्हणजे तर दुप्पट उधळेपणा. तेही सांगितलं.

ही घरात नव्हती. खडेबाजारात दोऱ्याची रिळं आणायला गेली होती. हल्ली वाकळ शिवायचं फार मनावर घेतलं आहे. जुन्या लुगड्यांचे, पातळांचे तुकडे जोडून दिवसभर टाके घालत बसते. घरात माणसं तीन, वाकळा किती लागणार? पण दुपारी वेळ जातो, म्हणून मी काही बोलत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज आईचा म्हाळ घातला. जाऊन दोन वर्षं झाली. पान वाढून बाहेर ठेवलं, कावळा लगेच शिवला. तिथंच उभा असताना मनात लख्ख झालं. नाव सापडलं.

राजाबाई! माझ्या आईचं नाव. सुविचार माझा, नाव आईचं. पुढं आपलं गाव. तेही सरकारी नाही, वर्तमानपत्री इंग्रजीही नाही, आपण तोंडानं म्हणतो तसं. 'rajabai_belgav'. डोळ्यांत पाणी आलं. जेवणाआधीच फोन घेऊन बसलो आणि लिहिलं.

हे नाव उपलब्ध नाही.

ओरडलोच मी. "आईचं नाव कुणीतरी घेतलंय!" हिच्या हातातून आमटीची पळी पातेल्यात पडली. मी हिला सगळं सांगितलं. हिनं आधी पळी बाहेर काढली. मग म्हणाली, "एका नावाच्या दोन बायका असत्यात की जगात."

"असतील, पण बेळगावात? आणि नेमकं याच स्पेलिंगनं?"

"असतील," असंच परत म्हणाली आणि पोळ्या लाटायला बसली.

१५ सप्टेंबर

त्या खात्याची तपासणी केली. चोरी उघड आहे. सगळे फोटो वाकळांचे. तोंड कुठंही दाखवलेलं नाही, फक्त हात. चेहरा लपवणारा माणूस कोण असतो ते सांगायला नको. पाठीराखे चार हजारांच्या वर. 'राजाक्का, पुढची वाकळ मला', 'राजाक्का, टाके काय सुंदर', असं खाली लोक लिहितात. पुण्याचे आहेत, हुबळीचे आहेत, एक बाई तर दुबईहून. माझ्या आईला जिवंतपणी गल्लीच्या बाहेर कुणी राजाक्का म्हटलं नव्हतं.

आणि कहर म्हणजे, एका वाकळेत हिरवं इरकली लुगडं आहे, लाल काठाचं. अगदी आईच्या लुगड्यासारखं! म्हणजे या भामट्यानं आईचं नाव तर घेतलंच, तिच्यासारखी लुगडीही जमवली. किती पाळत ठेवली असेल!

ताज्या फोटोत उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली आहे. रात्रीचं जेवण वाढताना हिच्याही बोटाला चिंधी दिसली. विचारलं तर म्हणाली, सुई टोचली. हल्ली बायकांच्या बोटांना काय झालंय कोण जाणे.

१७ सप्टेंबर

पारिसाचा सल्ला घेतला. तो म्हणाला, "सोडून द्या मारुतीराव. वाकळच इकायलीय बिचारी, तुमच्या आईच्या नावानं कर्ज तर काढंना." यांना भावना नाहीत.

त्याच्याशी वाद घालता घालता मला ॲपमध्येच एक अर्ज सापडला. मयत व्यक्तीचं खातं असेल तर जवळचा नातेवाईक ते बंद करायला सांगू शकतो. मृत्यूचा दाखला जोडायचा, नातं सिद्ध करायचं. वा! हे माझ्या भाषेतलं बोलणं झालं. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, माझं आधार कार्ड, सगळं स्कॅन करून जोडलं. 'सदर राजाबाई ही अर्जदाराची दिवंगत माता असून सदर खाते चालवण्यास ती हयात नाही.' इंग्रजीत लिहिलं, पण मजकूर हाच. एकतीस वर्षांत माझा अर्ज त्रुटीसाठी कधी परत आलेला नाही.

घरी सांगितलं नाही. काम झालं की एकदम सांगेन. हिला आनंद होईल. सासूचं हिनं शेवटपर्यंत केलं आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

अर्ज मंजूर! सकाळी मेल आली. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, विनंतीप्रमाणे खातं कायमचं काढून टाकलं आहे. ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. पारिसानं पेढा घेतला पण खाल्ला नाही, खिशात ठेवला.

लगेच नाव टाकून पाहिलं. हे नाव उपलब्ध नाही. मेलेल्याचं नाव दुसऱ्याला देत नाहीत म्हणे. असो. नाही मला, तर नाही कुणालाच. आईचा मान राहिला.

घरी आलो तर चूल थंड. सौम्या डोळे सुजवून बसलेली. ही आतल्या खोलीत. पोरीचं कुठंतरी जमलं असेल आणि मोडलं असेल असं मला वाटतं. या वयात होतं. मी वडा-पाव आणून खाल्ला आणि दोघींना त्रास दिला नाही.

११ ऑक्टोबर

लिहायला नको वाटतंय. पण आजवर दिवस लपवला नाही, आजही लपवत नाही.

दुपारी घरी आलो तेव्हा ही खोलीच्या मधोमध बसली होती. भोवती सात वाकळा, काही पुऱ्या, काही अर्ध्या. सुई हातात नव्हती. सौम्या म्हणाली, "आप्पा, आईचं खातं गेलं."

मी म्हणालो, "कुठली बँक बुडाली? तरी मी सांगत होतो, चालू खातं..."

"बँक न्हवं!" पोरगी किंचाळली आणि तिनं फोन माझ्यासमोर धरला. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या, सगळ्यांचे पत्ते त्या खात्यावरच्या निरोपांत होते, आता एक पत्ता हाताशी नाही. फोनवर जे दिसत होतं ते मी ओळखलं. तो निरोप काल मलाही आला होता, फक्त मला अभिनंदनासारखा वाटला होता.

ही शांतपणे म्हणाली, "कुणीतरी मी मेल्याचा दाखला दिलाय."

मी म्हणालो, "दाखला आईचा आहे. मी दिला. तिचं नाव कुणीतरी चोरलं होतं म्हणून..."

"चोरलं न्हवतं. माझंबी त्येच हाय."

"तुझं नाव मंगल."

"ते तुमी ठेवलासा. मी राजाबाई रवळू गावडे. बावीस वर्सं त्याच नावानं वाढले. सासूचं नाव राजाबाई, मग सुनेला त्या नावानं हाक कशी मारायची, रागं कसं भरायचं, म्हणून बदललासा. मला तवा वाईट वाटलं न्हाय. रीतच हाय ती. पर तुमी इसरलासा, व्हय?"

 विसरलोच होतो. हजारो पोरांची नावं मला पाठ आहेत. कुणाच्या नावात पहिली वेलांटी आणि कुणाच्या दुसरी ते झोपेतून उठवून विचारा. बायकोचं नाव विसरलो.

"अत्ती होत्या तवर मी ते नाव तोंडात घेतलं न्हाय," ही म्हणाली. "त्या गेल्यावर म्हटलं, आता घरात रिकामं पडलंय, घिऊया."

मग उठली आणि वाकळा घडी घालू लागली. मी एक टोक धरायला गेलो तर तिनं ती बाजूला ओढून घेतली. हिरव्या लुगड्याची होती. आईचीच.

१३ ऑक्टोबर

कंपनीला अर्ज केला. 'सदर मयत व्यक्ती हयात असून ती अर्जदाराची पत्नी आहे.'  उत्तर तासाभरात आलं: खातेदाराचं त्या नावाचं ओळखपत्र पाठवा. हिच्या आधार कार्डावर, रेशन कार्डावर, मतदार यादीत, सगळीकडं मंगल मारुती. मीच एकेक कागद बदलून घेतला होता, लग्नानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत. कुठं एक त्रुटी ठेवली नाही.

पारिसाला सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी आली आणि गेली. बोलणं चाललंय, पण 'मीठ आणा', 'गॅस आलाय' एवढंच. हिची जुनी शाळा उघडायची वाट बघत होतो. आज रजा टाकून खानापूरची बस धरली, तिथून टमटमनं हिच्या गावी. हिच्या गावात मी जावई म्हणून बऱ्याचदा गेलोय, शाळेत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

शाळेतले गुरुजी तरुण, नियमाचे पक्के. मी सांगितलं, राजाबाई रवळू गावडे, हिचा दाखला पाहिजे.

"तुम्ही कोण?"

"नवरा."

"आधार दाखवा बाईंचं." दाखवलं. "ह्यात मंगल हाय की. नाव बदललंय? गॅझेट हाय?"

"नाही."

"ॲफिडेव्हिट?"

"नाही."

"मग बदललं कशावर?"

मी म्हणालो, "तांदळावर."

गुरुजींनी माझ्याकडं असं पाहिलं की एकतीस वर्षांत मी कुणाकुणाकडं तसं पाहिलं असेल ते सगळे आठवले. 'या पुढच्या आठवड्यात' हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले मला दिसले. मी हात जोडले. खरंच जोडले. हिची थोरली चुलती, गुणाबाई, शाळेत पोषण आहार शिजवते. तिनं येऊन सांगितलं, "व्हय वो गुरुजी, आमची राजीच ती." तेवढ्यावर त्यांनी जुनं रजिस्टर काढलं.

दाखला कन्नडात मिळाला, नाव मात्र त्यांनी खाली मराठीतही लिहून दिलं. सातवी पास. वर्तणूक चांगली. गणितात वर्गात पहिली. शाळा सोडण्याचं कारण: पालकांची इच्छा. बसमध्ये तो कागद मी चार वेळा वाचला. इतकी वर्षं मी हिला दुधाचा हिशेब समजावून सांगत आलो.

९ नोव्हेंबर, रविवार

दाखला पाठवून सहा दिवस झाले. आज उत्तर आलं: काढून टाकलेलं खातं परत आणता येत नाही, क्षमस्व. मेल वाचून दाखवायला हिच्याजवळ गेलो. दाखलाही पुढं ठेवला. म्हटलं, मी जाऊन आणला.

हिनं तो कागद हातात घेतला, नावावरून बोट फिरवलं. "माझं अक्षर असंच हुतं बघा, गुरुजींच्यासारखं," म्हणाली. मग कागद घडी घालून ब्लाउजच्या कापडांत ठेवला. 

"खात्याचं वाईट वाटलं का?" विचारलं.

"त्येचं काय वाटायचं? मी दुसऱ्या दिवशीच नवीन काढलंय. सौम्याला न सांगता, माझं मी. आधीची निम्मी माणसं आली की हुडकत."

"कोणत्या नावानं? ते तर उपलब्ध नाही."

फोन पुढं केला. rajabai_hay.

राजाबाई हाय! मी आधी क्लार्कासारखा विचार केला, अगदी खरं लिहितो, की शुद्ध 'आहे' हवं होतं. मग दोन महिन्यांपूर्वी मी काय लिहून पाठवलं होतं ते आठवलं, 'सदर राजाबाई हयात नाही', आणि खाली बसलो. बारा दिवस वही घेऊन छत्तीस नावं काढली मी. हिनं एका ओळीत माझ्या अर्जाला उत्तर दिलं.

त्याच क्षणी ठरवलं, हिच्या खात्याला आपणही जोडायचं. त्यासाठी स्वतःचं खातं पाहिजे. ॲपनं सुचवलं ते पहिलं नाव न वाचता स्वीकारलं. नंतर पाहिलं तर maruthirao_48213. h सकट. राहू दे.

तिच्या फोनमध्ये माझं नाव वर आलेलं पाहून ही जरा हसली असं वाटलं. पुढं सरकायला हीच वेळ, म्हणून मी, चोवीस वर्षांत पहिल्यांदा, हाक मारली. "राजा."

शिवता शिवता हिनं वर पाहिलं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. परत म्हणालो, "राजाबाई."

हिनं टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला आणि मग माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही.

"तुमी मंगलच म्हणा," म्हणाली. "ते तुमी ठेवलासा, तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे. ह्ये माझं हाय."